पाचव्या थांब्यावरचा दारुडा

…चाखायचं म्हणे! खायचं नाही, चाखायचं! अहो, तुम्हाला सांगतो, माझ्या नखाएवढा चीजचा तुकडा, त्यात खुपसलेली दात कोरायची काडी, आणि तो तुकडा तोंडात टाकायच्या आधी त्याच्या खापरपणजोबांपासूनची कहाणी ऐकायची, उभ्याने, उन्हात, गुडघे कुरकुरताहेत तरी, आणि गिळला रे गिळला की लगेच "चला मंडळी, पुढच्या थांब्याला!" याला म्हणे शहराची पायी सफर. इतिहासही कळतो आणि पोटही भरतं. पोट? माझ्या पोटाला पत्ताच लागला नाही की वरून काही आलंय म्हणून! पण मी बोललो का? नाही. मी गप्प.

गप्प, कारण गप्प राहायचं कबूल केलं होतं, आणि मी शब्दाचा पक्का माणूस आहे. छत्तीस वर्षं या शहराच्या पाणीखात्यात चावीवाला म्हणून काढली. चावीवाला म्हणजे किल्ल्या करणारा नव्हे. लोकांना वाटतं नळाला पाणी आपोआप येतं. आपोआप काय येतं हो? कोणीतरी भर रस्त्यात लोखंडी झाकण उचलतं, खाली खड्ड्यात व्हॉल्व्ह असतो, त्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी बसवतं, आणि दोन्ही हातांनी आटे फिरवतं, तेव्हा तुमच्या चहाला पाणी मिळतं. ते कोणीतरी म्हणजे मी. छत्तीस वर्षांत एक दिवस उशीर नाही. आणि दारूला बोट लावलेलं नाही. हे आत्ताच का सांगतो ते कळेल पुढे. मध्ये बोलू नका.

तर माझी नात. मुलीची मुलगी. तिचे आईबाप कामासाठी लांब, पोर माझ्याकडेच वाढली, एकवीस वर्षांची आहे. स्वभाव माझा घेतलाय, तिथेच सगळा घोळ. पहिली नोकरी चपलांच्या दुकानात. गिऱ्हाईक म्हणालं, "चावणार नाही ना?" ही म्हणाली, "चावेल." गेली नोकरी. दुसरी फोनवर बोलायची, तिथे लोक शिव्या द्यायचे आणि ही परत द्यायची. तिसरीत तिने काही केलं नाही, कंपनीच बुडाली. आणि आता ही चौथी. लोकांना गल्लीबोळांतून हिंडवायचं, पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर थोडा इतिहास, थोडं खाणं. म्हटलं, हे काय काम झालं? चालणं आणि बोलणं? पण पोरीने महिनाभर घोकलं हो! स्वयंपाकघरात भांडी घासताना मागे वळून कपाटाला सांगायची, "मंडळी, आता जरा डावीकडे वर बघा." मीही वर बघायचो. वर जळमटं.

शेवटी परीक्षेची फेरी आली. त्यात बरोबर बारा जण लागतात, आणि त्या बारांत एक कंपनीचं माणूस असतं, गुपचूप. कोण ते कोणालाच माहीत नाही. ते सगळं बघतं, आणि पास की नापास ते ठरवतं. आणि सगळ्यात कडक नियम काय, तर नातेवाईक आणायचे नाहीत. पोरं म्हणे मावश्या-आत्या आणून टाळ्या वाजवून घ्यायची.

त्या दिवशी सकाळी एकाचं पोट बिघडलं. राहिले अकरा. अकरांवर फेरी रद्द, आणि रद्द झाली की नंबर दुसऱ्या मुलीला. नात दारात उभी, चेहरा पांढराफटक.

म्हणाली, "आजोबा, तुम्ही चला."

"मी?"

"तुम्हीच. पण आज मी तुमची नात नाही. मला ताई म्हणायचं."

"तुला? ताई? तुझा शेंबूड पुसलाय मी!"

"आणि तोंड उघडायचं नाही."

"खायलासुद्धा?"

"खायला उघडायचं. बोलायला नाही. आजोबा, शपथ घ्या."

घेतली. काय करणार? पोरीचे डोळे बघितले आणि घेतली.

पहिला थांबा, चौकातलं दगडी कारंजं. नात, म्हणजे ताई, हात वर करून सांगते, "मंडळी, हे कारंजं दोनशे वर्षं अखंड वाहतंय, एक क्षणही थांबलेलं नाही!" लोक म्हणतात, "अरे वा!" आणि मी? मी दर मंगळवारी ते बंद करायचो! शेवाळ काढायला! तीन तास! जिभेच्या टोकावर आलं होतं हो, अगदी टोकावर. नुसता खाकरलो. ताईने असं बघितलं माझ्याकडे, की मी खाकरणं अर्धवट गिळलं. मी गप्प.

दुसऱ्या थांब्याला सूप. अंगठा बुडणार नाही एवढ्या पेल्यात. तिसऱ्याला भाजलेले बदाम, माणशी दोन. मोजून दोन! आणि हे सगळं चालू असताना मी काय करत होतो? मी ते कंपनीचं माणूस हुडकत होतो. आणि हुडकलंच! एक चष्मेवाला, हातात वही, ताई एक शब्द बोलली की हा दोन लिहितो. म्हटलं, हाच. म्हटलं, पोरीसाठी याच्याशी जरा गोडीत राहावं. म्हणून हसलो त्याच्याकडे बघून. मला हसायची सवय नाही. तो दोन पावलं मागे सरकला.

आणि एक बाई होती, लांब काळी छत्री घेऊन, ऊन असो नसो उघडीच. खादाड! चीजचे तिने चार तुकडे उचलले, बदाम माझ्या वाट्याचेसुद्धा, आणि हसणं तर काय विचारता, पत्र्यावर खडे ओतल्यासारखं. ताई काहीही बोलली की ही खो-खो-खो. माझं डोकं उठलं. पण मी बोललो का? गप्प.

चौथा थांबा चीजचा, तो सांगितलाच. तिथून ताई म्हणाली, "आता आपला शेवटचा आणि सगळ्यात गमतीचा थांबा!" आणि वळली. आणि तुम्हाला सांगतो, कोपऱ्यावरचा तो वाकडा दिव्याचा खांब दिसला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. कारण ती गल्ली ओळखीची. त्या गल्लीत मी बेचाळीस वर्षं पाय ठेवला नव्हता, खात्यात भागसुद्धा बदलून घेतला होता. याच शहरात राहतो, रोज पाव खातो, पण पाव आणायला दोन चौक लांब जातो, त्या गल्लीत नाही. घरातल्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"काका, चला ना," ताई म्हणाली. काका म्हणाली मला!

गल्लीत ती बेकरी. तीच. जुना मालक गेला, आता मुलगा बसतो, पिठाने माखलेला, पोट पुढे. तो ताट घेऊन बाहेर आला. आणि ताई सुरू झाली. तिचा आवाज खुलला, लाडका किस्सा ना तो! घरी घोकताना ती पाचव्या थांब्याला पोचेपर्यंत मी झोपलेला असायचो.

"मंडळी, बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. या दुकानाच्या तळघरात पिठाची साठ पोती रचलेली. आणि एके सकाळी समोरचा पाइप फुटला. पाणीखात्याचा माणूस आला. आला तो कसा? झिंगत! या भिंतीला धर, त्या भिंतीला धर. चावी हातात घेतली आणि पाणी बंद करायचं सोडून या पठ्ठ्याने पूर्ण उघडलं! तळघरात गळ्याएवढं पाणी! साठ पोत्यांची एकच कणीक!"

लोक हसून हसून वाकले. छत्रीवाली तर छत्रीसकट हलत होती. आणि बेकरीवाला पुढे होऊन प्रत्येकाला पाव देत होता, कागदी पिशवीत घालून. पिशवीवर चित्र. काय चित्र? लाल नाकाचा माणूस, एका हातात चावी, दुसऱ्यात बाटली, डोळे फिरलेले. खाली पाण्यात पोहणारी पोती. बेकरीवाला मला म्हणतो, "घ्या काका, आमचा दारुडा! याच्यावरच धंदा उभा आहे बघा आमचा."

घेतली मी पिशवी. हातात धरली. मी गप्प होतो हो तेव्हाही, देवाशपथ गप्प होतो. नुसते कान तापले होते. मनात म्हटलं, म्हाताऱ्या, दोन मिनिटं. दोन मिनिटांत फेरी संपते, पोर पास होते, घरी जाऊन पाय शेकायचे.

आणि मग कोणीतरी ओरडलं, "दारू प्यायला नव्हता तो!"

कोण ओरडलं म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मीच की!

सगळे माझ्याकडे. ताईचा हात हवेतच. तो चष्मेवाला वही उघडून म्हणतो कसा, अगदी गोड आवाजात, "पण काका, पुरावा आहे ना. ताई, दाखवा की तो कागद." आणि ताईने पिशवीतून कागद काढला, प्लास्टिकमध्ये बसवलेला. खात्याच्या जुन्या दप्तरातून कंपनीने शोधून काढलेला. नावाच्या जागी वाळवीने खाल्लेलं भोक. पण बाकी सगळं स्वच्छ. "सदर कामगार नशेत असल्याने." आणि खाली सही.

"बघा काका," चष्मेवाला म्हणतो, "त्याने स्वतः सही करून कबूल केलंय. लेखी आहे."

"लेखी असलं म्हणजे खरं असतं का?"

"मग खोटी सही कोण कशाला करेल?"

"ज्याच्या घरी पाळण्यात तीन महिन्यांची मुलगी असते तो करेल!"

आता बोललोच होतो, मग कसला थांबतोय? छत्रीवालीच्या हातातली छत्री घेतली, मिटली, टोक फरशीच्या फटीत रोवलं, दोन्ही हातांनी मूठ धरली. म्हटलं, "ही चावी समजा. साऱ्या शहरात व्हॉल्व्ह बंद होतो तो उजवीकडे. दहा वर्षं मी उजवीकडे बंद केले, डोळे मिटून केले. या भागात माझी बदली होऊन चार दिवस झाले होते. आणि या एका गल्लीत जुने व्हॉल्व्ह, वेगळ्या कारखान्याचे, ते बंद होतात डावीकडे! मला कोणी सांगितलं? कोणी नाही. आधीचा माणूस निवृत्त होऊन गावाला गेला, जाताना त्याने चहाची किटली कुठे ठेवलीय ते सांगितलं, हे नाही सांगितलं. मी उजवीकडे फिरवली. पाणी वाढलं. म्हटलं, जोर कमी पडतोय. आणखी फिरवली. आणखी वाढलं. हाताची सालं निघाली, रक्त आलं, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जीव तोडून बंद करत होतो हो मी, आणि जितकं बंद करत होतो तितकं उघडत होतं! अठ्ठावीस आटे! शुद्धीत! पूर्ण शुद्धीत!"

बेकरीवाल्याच्या हातातलं ताट तिरकं झालं होतं, पाव घरंगळत होते, त्याचं लक्ष नाही.

"साहेबांनी बोलावलं," म्हटलं. "म्हणाले, 'चूक झाली असं लिहिलं तर तुला कामाचं ज्ञान नाही, मग नोकरी जाते. नशेत होता असं लिहिलं तर आठ दिवस घरी बस आणि परत ये. नियमात तसंच आहे. बोल, काय लिहू?' मी चौथी शिकलेला. त्यांनी लिहिलं, मी सही केली. ती सही माझी आहे."

आणि तेव्हा नातीने तो कागद डोळ्यांजवळ नेला. माझी सही म्हणजे काय, ओल्या भिंतीवरून गोगलगाय गेल्यासारखी, सगळ्या जगात एकच. आणि ती तिने पहिलीपासून दहावीपर्यंत स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर बघितलेली. महिनाभर हा कागद तिच्याजवळ होता, पण खालची सही कोण वाचतं?

ती एकदम म्हणाली, "आजोबा?"

झालं. बारा माणसांसमोर. आजोबा!

छत्रीवाली हसायची थांबली. माझ्या हातातली छत्री तिने शांतपणे काढून घेतली, झटकली, आणि पर्समधून एक कार्ड काढलं. अहो, तीच! कंपनीचं माणूस तीच! तो चष्मेवाला बिचारा निवृत्त शिंपी, विसरभोळा, घरी जाऊन बायकोला सांगता यावं म्हणून सगळं लिहून घेत होता. आणि मी सकाळपासून त्याला हसून दाखवत होतो!

बाई नातीला म्हणाली, "नातेवाईक आणायचे नाहीत हा नियम तुम्हाला माहीत होता?"

आता तुम्ही सांगा, दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, नव्हता माहीत, चुकून झालं, हे माझे आजोबा नाहीत, मी सगळ्याच म्हाताऱ्यांना आजोबा म्हणते… ही म्हणाली, "होता."

"कळवू," बाई म्हणाली. आणि उरलेले दोन पाव उचलून निघून गेली.

घरी आलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. माझ्यासारखीच आहे म्हटलं ना, भडकली की भांडी आपटते. पण भांडं नाही, दार नाही. मला पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवलं. खाली बसली. म्हणाली, "आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"आजीला?"

"तिला सांगितलं, खात्याने आठ दिवस सुट्टी दिली चांगल्या कामाबद्दल. तिने त्या आठ दिवसांत माझ्याकडून सगळं घर रंगवून घेतलं. शेजारणीला सांगत होती, कसं कौतुक केलं बघा ह्यांचं… ती गेली तेव्हाही तसंच समजून गेली."

नातीने पाण्यात बोट बुडवून बघितलं, निवलंय का म्हणून. आणि उठून गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, त्या बेकरीच्या पाण्यातून मी बाहेर आलोच नाही. तेव्हा परक्याची पोती बुडवली, आता घरच्या पोरीची नोकरी. जीव तोडून काही सावरायला जावं आणि… जाऊ द्या.

चार दिवस फोन वाजला नाही. पोर कपाटाशी बोलेना. पाचव्या दिवशी वाजला. छत्रीवाली. नातीशी नाही, माझ्याशी बोलायचं म्हणे!

"काका," म्हणाली, "तुमच्या नातीला आम्ही ठेवून घेतोय. एक अट आहे. दर रविवारी तुम्ही त्या बेकरीसमोर उभं राहायचं. पाचव्या थांब्यावर. खरा माणूस! लोकांना फार आवडेल."

तुम्हाला सांगतो, छाती फुगली माझी. बेचाळीस वर्षांनी! म्हटलं, "येतो की. सगळं नीट सांगतो, उजवा आटा, डावा आटा, खडूने फरशीवर काढून दाखवतो."

"छे छे, तसं नको," म्हणाली. "दारुडा म्हणून उभं राहायचं. पिशव्या छापून झाल्यात ना, वीस हजार. आणि काका, तुमची खरी गोष्ट चांगली आहे हो, पण ती समजावून सांगेपर्यंत पाव थंड होतो."

पाव थंड होतो! मी नाही म्हणालो. ठाम. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दारूचा वास आला तर रस्ता ओलांडतो, त्याने लाल नाक लावून भर गल्लीत झुलायचं? नाही म्हणजे नाही. फोन ठेवला. मागे नात उभी. सगळं ऐकलेलं.

म्हटलं, आता रडेल. रडली असती तर मी नाहीवर कायम राहिलो असतो, सांगतो तुम्हाला, रडण्याला मी बधत नाही. पण ती म्हणाली, "बरं केलंत आजोबा. मी दुसरं बघते काहीतरी." आणि गळ्यातली कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी काढून, नीट घडी घालून, टेबलावर ठेवली. नीट घडी घातली हो! ही पोर रुमालाचीसुद्धा घडी घालत नाही!

आता माणसाने काय करावं?

फोन लावला परत. बाईला म्हटलं, दारुडा तर दारुडा. पण शेवटी दोन मिनिटं मला खरं सांगायला पाहिजेत. म्हणाली, "वेळ उरला तर जरूर." आज पाच रविवार झाले. वेळ उरत नाही. लोकांना फोटो काढायचे असतात, माझ्या खांद्यावर हात टाकून. बेकरीवाल्याने रिकामी बाटली दिलीय, धुऊन, आत नळाचं पाणी. नात लांबून बघत असते, बारा जण पुढे घालून, आणि खणखणीत आवाजात सांगते, "आणि मंडळी, हाच तो!" तेवढं सांगताना मात्र माझ्याकडे बघत नाही. मीही बघत नाही. मी गप्प.

आणि एवढं सगळं सोसून, गेल्या रविवारी ती छत्रीवाली मला बाजूला घेते आणि काय म्हणते, माहितीय? "काका, राग मानू नका, पण तुम्ही फार ताठ उभे राहता. लोकांना पटत नाही. अंग जरा सैल सोडा. कधी प्यायलेला माणूस बघितला नाहीत का?"

म्हणून हल्ली रोज संध्याकाळी, जेवणाआधी अर्धा तास, दार लावून आरशासमोर उभा राहतो आणि झुलायची तालीम करतो. नात बाहेरून दारावर टकटक करून विचारते, "जमतंय का आजोबा?"

जमत नाही हो.